अर्बाबच्या तक्क्यावरची खरी जर

हुसैनमियाँ शिंपी आहेत. ओमानमधल्या सहमच्या बाजारात शिंप्यांची आठ दुकानं आहेत, पण शिंपी आपण एकटेच, असं त्यांचं मत आहे. बाकी सात ठिकाणी मशीन चालवणारी माणसं बसतात, एवढंच. हा फरक ते गिऱ्हाइकालाही समजावून सांगतात, गिऱ्हाइकाला घाई असली तरी. घाई असली तर जरा जास्तच.

त्याच गल्लीच्या टोकाला मी सत्तावीस वर्षं वेल्डिंग केलं. शेतांचे दरवाजे, पाण्याच्या टाक्यांचे स्टँड, पिकअपच्या मागच्या जाळ्या. माझं काम ठिणग्यांचं, त्यांचं सुईचं. तरी आमचं जमलं, कारण वाकडं काम दोघांनाही बघवत नसे. मी वाकडा दरवाजा ठोकून सरळ करत असे. ते गळ्याचा एक टाका चुकला तर अख्खा गळा उसवत. मी एकदा विचारलं, "एका टाक्यासाठी?"

"घालणाऱ्याला दिसायचा नाही," ते म्हणाले. "पण मला दिसला ना. आता त्याच्यासमोर बसून मी जेवू कसा?"

ते बाणकोटच्या खाडीकाठचे. अठ्ठावीस वर्षांचे असताना सहमला आले, आता एकसष्ट आहेत. एवढ्या वर्षांत त्यांनी एकच कपडा शिवला, दिशदाशा. इथले पुरुष घालतात तो लांब, सरळ, पांढरा झगा. कॉलर नाही, गळ्याशी एक गोंडा, आणि त्या गोंड्याला अत्तर. लोकांना वाटतं, यात शिवायचं काय? हुसैनमियाँ म्हणतात, कॉलर असली, चुण्या असल्या की शिंप्याची चूक त्यांच्यात राहायला जाते. दिशदाशात तिला घर नाही, ती रस्त्यावर उभी असते.

दुकानात शिवणयंत्राच्या मागे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यात मलमलीत गुंडाळलेली खरी जर. रेशमावर चांदीची तार गुंडाळलेली, सुरतेहून आणलेली. तेहेतीस वर्षांत ती तीनदा बाहेर निघाली असेल. बाजारात आता सगळीकडे प्लास्टिकची जर मिळते, झगझगीत आणि हलकी. तिला ते 'चॉकलेटचा कागद' म्हणतात. समोरच्या दुकानातला मधु, सोलापूरचा, लेडीज टेलर, ती किलोने वापरतो. मधु एकदा सहज बोलून गेला होता की आता गोंडाही मशीनवर होतो. त्याला अकरा वर्षं झाली. हुसैनमियाँ अकरा वर्षं त्याच्याशी बोलले नाहीत. दोघांच्या दुकानांमध्ये रस्ता वीस पावलांचा. एवढं कमी अंतर असताना एवढा अबोला टिकवणं, हेही कष्टाचं काम आहे.

दुकानाचा परवाना आणि हुसैनमियाँचा व्हिसा, दोन्ही अर्बाब खमीस यांच्या नावावर. अर्बाब म्हणजे मालक. पण मालकीचं काम त्यांनी कधी केल्याचं मला आठवत नाही. दर दोन वर्षांनी ते कागदावर सही करत, धंदा कसा चाललाय हे न विचारता, आणि ईदला नवा दिशदाशा शिवून नेत. बाजारामागे त्यांचं खजुराचं आणि लिंबांचं शेत. वय शहात्तर. बायको कधीच गेलेली. घरात एक स्वयंपाकी, शेतात दोन माणसं.

मुलगा यूसुफ मस्कतला ऑफिसात. चांगला माणूस, महिन्यातून एकदा यायचा. बाजारातल्या दुकानाकडे तो बघायचा तेव्हा त्याच्या डोळ्यांत कॉफी शॉपची पाटी लागलेली दिसायची. त्याने ते लपवलंही नाही. म्हणाला होता, "बाबा इथे आहेत तोवर हुसैन इथे आहे." वाक्य गोड होतं. त्याचा दुसरा अर्धा भाग त्याने बोलायचा ठेवला होता, इतकंच.

त्या डिसेंबरात अर्बाब लिंबाच्या झाडाखाली चक्कर येऊन पडले. तासाभराने माणसांना सापडले. हॉस्पिटलात सांगितलं, हृदयाचे ठोके मध्येच चुकतात. दंडाला बांधायला एक पट्टा दिला. पट्टा ठोके मोजणार, आणि यूसुफच्या फोनवर सांगणार. बाप सहममध्ये, त्याचं हृदय मस्कतमध्ये. मुलाला यावं लागत नाही, हा मोठा फायदा.

पट्टा दीड दिवस चाले. मग काढून चार्जिंगला लावायचा. अर्बाबनी पहिल्याच आठवड्यात तो काढला, चार्जिंगला लावला आणि विसरले. दोन दिवस पट्टा पूर्ण चार्ज होता, फक्त माणसाला लावलेला नव्हता. मस्कतला यूसुफच्या फोनवर बापाचे ठोके शून्य. त्याने दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून फोन केला.

पण मग आला, आणि सरळ सांगितलं. पुढचा महिनाभर पट्टा दंडावरून उतरता कामा नये आणि बंद पडता कामा नये. एकदा जरी झालं, तर बाबा मस्कतला चौथ्या मजल्यावर त्याच्या फ्लॅटमध्ये, नर्सच्या देखरेखीखाली. शेत भाड्याने. दुकान खलास.

हुसैनमियाँनी त्या दिवशी घरी फोन लावला. रईसाभाभी गावाला असतात. फोन स्पीकरवर होता, मी समोर बसलेलो.

"मग या की घरी," भाभी म्हणाल्या.

"येऊन करू काय?"

"बसा."

"बसून काय करू?"

"बाकीचे बसून काय करतात? बसतात. इथे शिंपी कोणाला हवाय? सगळे तयार कपडे घेतात. तुमचे जावईसुद्धा."

फोन ठेवल्यावर हुसैनमियाँनी एका तयार दिशदाशाचा गळा उसवायला घेतला. त्यात चूक नव्हती. मी बघितला होता.

त्या दिवसापासून अर्बाबच्या तब्येतीची सगळ्यात जास्त काळजी कोणी केली असेल तर त्यांच्या शिंप्याने. रोज दोनदा जाऊन दंड बघून यायचे. अर्बाबना वाटलं, माप घेतोय.

उपाय यूसुफनेच शोधला. मस्कतच्या एका छोट्या कंपनीतला जितेश नावाचा इंजिनियर त्याने पाठवला. आईवडील ठाण्याचे, हा वाढला मस्कतमध्ये. मराठी बोलताना एकेक शब्द असा शोधायचा, जशी लाइट गेल्यावर माणूस चप्पल शोधतो. पण कल्पना चांगली होती. अर्बाब रोज दुपारच्या असरच्या नमाजानंतर संध्याकाळच्या मगरिबपर्यंत आपल्या मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीच्या खोलीत, डाव्या हाताखाली तक्क्या घेऊन रेलतात. पाहुणे येतात, कॉफी होते. जितेश म्हणाला, तक्क्याच्या आत चार्जिंगचं पॅड बसवू. बशीएवढं. वायर पट्ट्याला लावायचीच नाही. पट्टा दंडावर, दंड तक्क्यावर, कापडातून चार्जिंग. पट्टा काढायला नको, लक्षात ठेवायला नको.

हे मला पटलं. माणूस जे रोज करतोच, त्यातच काम उरकून घेणारं यंत्र चांगलं. नाहीतर बाकीची यंत्रं आपल्यालाच कामाला लावतात.

तक्क्याचा अभ्रा नवा हवा होता. तो शिवायला अर्थात हुसैनमियाँ.

"अंकल, प्लेन," जितेश म्हणाला. "कॉटन. एक… एक लेयर. वरती काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे… नथिंग."

"पांढरं, साधं, वर काही नाही." हुसैनमियाँनी चष्मा काढला. "बेटा, असं कापड आमच्यात माणूस गेल्यावर लागतं."

जितेश हसला. त्याला वाटलं विनोद आहे. वरती काही का नको, ते त्याने सांगितलं नाही. शिंप्याला कारण सांगायचं असतं, हे त्याच्या कॉलेजात शिकवत नसावेत.

पॅड कापडाखाली नेमकं कुठे आहे हे कळावं म्हणून जितेशने जुन्या तक्क्यावर हिरवा गोल स्टिकर लावून दाखवला. तो दुसऱ्या दिवशी अर्बाबच्या कोपराला चिकटून मशिदीत गेला. हुसैनमियाँना ते कळलं आणि त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. म्हातारा माणूस बघून हात ठेवत नाही, चाचपून ठेवतो. तेव्हा पॅडच्या बरोब्बर वर हाताला लागेल असं काहीतरी हवं. उठावाचं. आणि अर्बाबच्या मजलिसमध्ये ठेवायचं म्हणजे दिसायलाही हवं. पाहुणे येतात.

बिस्किटाचा डबा चौथ्यांदा उघडला.

नऊ दुपारी लागल्या. बाजार एक ते चार बंद असतो, त्या वेळात. मरून रंगाच्या सुती कापडावर चांदीच्या जरीची तळहाताएवढी कोयरी, आतून भरीव, टाक्याला टाका लागलेला. मी चार वेळा बघायला गेलो. चारही वेळा त्यांनी विचारलं, "कशी आहे?" आणि चारही वेळा मी उत्तर द्यायच्या आत म्हणाले, "शेपूट थोडं जाड झालंय." शेपूट दोनदा उसवलं. जितेशला त्यांनी विचारलं नाही. त्याने तरी कुठे कारण सांगितलं होतं.

तक्क्या मजलिसमध्ये गेला. अर्बाब हात ठेवून बसले, तर कोपराजवळचा दंड पट्ट्यासकट आपोआप कोयरीवर. पाहुण्यांनी कौतुक केलं. तक्क्याच्या कडेला एक बारीक दिवा होता, चार्जिंग चालू असेल तर हिरवा, नसेल तर नारिंगी उघडझाप. दिवा नारिंगी उघडझाप करत राहिला. हुसैनमियाँना वाटलं, नवीन आहे, हळूहळू रुळेल.

मस्कतला फोनवर पट्ट्याची बॅटरी चाळीसवर आली. मग तीसवर.

जितेश आला. पॅड बदललं. नारिंगी. दोन दिवसांनी परत आला, अडॅप्टर बदलला, सहमच्या विजेला नावं ठेवली. नारिंगी. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याने अर्बाबना वेगवेगळ्या कोनांत बसवून बघितलं. शहात्तर वर्षं रेलण्याचा सराव असलेल्या माणसाला तो रेलायला शिकवत होता. मग म्हणाला, अर्बाबचा दंड बारीक आहे. अर्बाबनी विचारलं, आता खाऊन जाड होऊ का? जितेशने ते वहीत लिहून घेतलं असावं, मान तरी तशी हलवली.

त्याने कोयरी बघितली नाही असं नाही. बोटाने दाबून बघितली. "अंकल, ही चमकी. ही मी ऑफिसमध्ये ट्राय केली होती. सूकमधून, म्हणजे मार्केटमधून, कुशन आणून. प्रॉब्लेम नाही येत."

हुसैनमियाँच्या ओठांशी आलेलं वाक्य मला नंतर कळलं. ते म्हणणार होते, ही चमकी नाही. पण ज्याला जर आणि चमकी यातला फरक बघून कळत नाही, त्याला सांगून काय होणार, असा विचार करून ते गप्प बसले. नऊ दुपारींच्या कामाला चमकी म्हणणाऱ्याशी त्यांनी पुढे फक्त कामापुरतं बोलायचं ठरवलं. आणि काम नेमकं त्याच वाक्यात अडकलेलं होतं.

तोवर पट्टा जिवंत ठेवायचा म्हणून हुसैनमियाँ रोज दुकान अर्धं ओढून अर्बाबकडे जायचे. पट्टा काढून वायरीने चार्जिंगला लावायचा आणि तासभर अर्बाबसमोर मांडी घालून बसायचं. तास झाला की पट्टा परत दंडावर, मग उठायचं. अर्बाबना ही सोबत आवडायला लागली. पण पट्टा निघाला की मस्कतला कळतंच. यूसुफचा फोन आला. गुरुवारपर्यंत नीट करा. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर तो येणार, मोठी गाडी घेऊन. "एक तर बघायला येईन," तो म्हणाला, "नाहीतर न्यायला."

बुधवारी मी अर्बाबच्या मजलिसच्या दाराची बिजागरी बसवायला गेलो होतो. काम झालं, चहा आला. अर्बाब म्हणाले, "तुझा हुसैन डॉक्टरपेक्षा बरा. हा तक्क्या कोपराला शेकतो. दुखणं कमी झालं."

"शेकतो?"

"हात लावून बघ."

बघितला. कापड गार होतं. कोयरी कोमट होती. बोट कोयरीवरून कापडावर आणलं, गार. परत कोयरीवर, कोमट. तापलेल्या धातूला हात लावण्यात माझं आयुष्य गेलं, त्याला कॉलेज लागत नाही. पॅडमधून जे वर यायचं होतं ते पट्ट्यापर्यंत पोचतच नव्हतं. मध्ये चांदी बसली होती, ती खात होती. आणि पॅड शहाणं, धातू तापतोय हे कळलं की स्वतःला आवरत होतं, थोडं थांबून परत बघत होतं. नारिंगी दिवा तेच सांगत होता. तो एकटाच खरं बोलत होता, आणि जितेश बाकी सगळं बदलत बसला होता.

चहा संपवला आणि दुकानात गेलो. हुसैनमियाँ गोंडा वळत होते.

"तुमची कोयरी तापते," मी म्हटलं.

"उठावाची आहे. हात ठेवून ठेवून ऊब येणारच."

"अर्बाब उठल्यावर हात लावला मी."

ते गोंडा वळत राहिले. "इंजिनियरसाहेबांनी तपासलंय. म्हणाले चमकीने काही होत नाही."

"त्याने चमकी तपासली, हुसैनमियाँ. तुम्ही चांदी लावलीय."

गोंडा थांबला. त्यांनी तो खाली ठेवला. मग म्हणाले, "शुद्ध आहे म्हणून?"

"शुद्ध आहे म्हणूनच."

"म्हणजे मी चोरी केली असती तर चार्ज झालं असतं."

मला हसू आलं, त्यांना आलं नाही. म्हणाले, बघितल्याशिवाय मी मानणार नाही. हे बरोबर होतं. मीही मानलं नसतं.

गुरुवारी सकाळी त्यांनी दुरुस्तीच्या नावाखाली तक्क्या दुकानात आणला. जितेशने एक जादा पट्टा ठेवला होता. अभ्रा काढून पॅडवर साधं कापड टाकलं, वर पट्टा. हिरवा. कापड काढून अभ्रा, कोयरी वर. नारिंगी. त्यांनी अभ्रा फिरवला, उलटा केला, कोयरी दोन बोटं सरकवली. नारिंगी. चार बोटं सरकवली, हिरवा झाला, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"मग पॅड चार बोटं सरकवू."

"आणि अर्बाबचा हात? तो कोयरीवर जातो. तुम्हीच सवय लावलीत."

हे त्यांना माझ्याआधी कळलं असणार, पण बोलून बघितलं. मग उठले, टेप गळ्यातून काढून खुंटीला लावली आणि बाहेर पडले. मला वाटलं नमाजाआधी हातपाय धुवायला, वुजूला गेले. बघतो तर वीस पावलं ओलांडून मधुच्या दारात. मी मागोमाग गेलो. असं रोज बघायला मिळत नाही.

मधु ब्लाउजला हुक लावत होता. त्याने वर बघितलं आणि हुक खाली पडला.

"या, हुसैनमियाँ."

"थोडी जर हवी होती."

"जर?" मधुने माझ्याकडे बघितलं, मी छताकडे. "खरी की खोटी?"

"तुझ्याकडे खरी आहे?"

"नाही."

"मग विचारतोस कशाला?"

मधुने खण उघडला. "सोनेरी आहे, चंदेरी आहे, मोरपंखी, गुलाबी."

"गुलाबी जर?"

"फार चालते."

हुसैनमियाँनी डोळे मिटले आणि उघडले. "चंदेरी दे."

मधुने अख्खं रीळ पुढे केलं. "घेऊन जा. धुतली तरी जात नाही ही. तुमची काळी पडते ना."

उत्तर तयार होतं, मला दिसलं. पण त्यांनी रीळ घेतलं, 'बरं' म्हणाले आणि वळले. मधु बघत राहिला. अकरा वर्षांनी बोलणं झालं आणि शेवटचा शब्द त्याच्याकडे राहिला, हे त्याला खरं वाटेना.

दुकानात येऊन त्यांनी रिळाची वीतभर जर चुंबळ करून पॅडवर टाकली, वर पट्टा. दिवा लगेच हिरवा झाला. चुंबळ दुप्पट केली. हिरवा. त्या हिरव्या दिव्याकडे ते जसे बघत होते, तसं एखाद्याचं घर वाचल्यावर आणि नाक गेल्यावर तो बघत असेल.

शटर अर्धं खाली ओढलं. मी ब्लेड काढलं, म्हटलं दोन मिनिटांत कोयरी मोकळी करतो.

"हात लावू नकोस."

नऊ दुपारींचं काम त्यांनी तीन तासांत उसवलं. सुईच्या टोकाने एकेक टाका उचलायचा, जर ओढायची, बोटाला गुंडाळायची. कापडाला एक भोक मोठं झालं नाही. उसवतानाही शेपटाशी थांबले. "आता बरोबर झालं होतं शेपूट," म्हणाले.

मग प्लास्टिकची कोयरी सुरू केली. खजुराएवढीच, वेळ तेवढाच होता. ती जर निसटायची, चुरगळायची, सुईच्या डोळ्यात फाटायची. तरी टाके पहिल्याइतकेच बारीक. मला राहवलं नाही. "चॉकलेटच्या कागदाला एवढी मेहनत?"

"जर मधुची आहे," ते म्हणाले. "टाके कोणाचे, हे विचारलं तर काय सांगू?"

असर झाली. उरलेलं शुक्रवारी पहाटे फजरनंतर बसून पुरं केलं. दहा वाजता तक्क्या मजलिसमध्ये होता.

यूसुफ जेवणाच्या वेळी आला. मोठी गाडी होती, मागच्या सीटा आडव्या केलेल्या, म्हणजे न्यायच्या तयारीनेच आलेला. हुसैनमियाँ दारापाशी बसले होते. मी बिजागरी परत तपासत होतो, ती बुधवारीच ठीक होती. अर्बाब जेवून रेलले. हात चाचपडला, कोयरी सापडली, हात टेकला. दिवा हिरवा. यूसुफने फोन काढून गुडघ्यावर ठेवला. पट्ट्याची बॅटरी चौतीस. कॉफी आली, खजूर आले, शेतातल्या पाण्याच्या गप्पा झाल्या. फोनवर छत्तीस. अर्बाबना डुलकी लागली, हात तिथेच. हुसैनमियाँनी त्या दीड तासात जागा बदलली नाही. पाय नक्की बधीर झाले असणार. पंचावन्न झाले तेव्हा यूसुफने फोन खिशात टाकला आणि बाहेर जाऊन गाडीच्या सीटा सरळ केल्या. सीटांचा खट खट आवाज आत आला, तेव्हा हुसैनमियाँनी पाय लांब केले.

आत येऊन यूसुफने जितेशला फोन लावला आणि इंजिनियर म्हणून त्याचं तोंड भरून कौतुक केलं. स्पीकरवर जितेश म्हणाला, "थँक्यू सर. आम्ही सिस्टीम थोडी ॲडजस्ट केली." हुसैनमियाँनी माझ्याकडे बघितलं. मी बिजागरीकडे.

अर्बाब आवाजाने जागे झाले. कोयरीवरून बोट फिरवलं. "हुसैन, ही आधीच्यापेक्षा चमकते. आधीच अशी का नाही लावलीस?"

"आधीची खराब निघाली, अर्बाब."

"बघून घेत जा," अर्बाब म्हणाले. "बाजारात फसवतात."

हुसैनमियाँनी कॉफीचा दुसरा पेला मागितला. इतक्या वर्षांत त्या घरात त्यांनी काही मागून घेतलेलं मी बघितलं नव्हतं.

महिना पुरा झाला. मार्चमध्ये अर्बाबनी व्हिसाच्या कागदावर सही केली, धंदा कसा चाललाय हे न विचारता. यूसुफ आता रोज फोन बघतो आणि महिन्यातून एकदा येतो, म्हणजे काही बदललं नाही. जितेशच्या कंपनीला बाटिनाच्या किनाऱ्यावर अजून तीस म्हातारे मिळाले, आणि तीस अभ्रे हुसैनमियाँकडे आले. सोबत नवा छापील कागद. त्यात एक ओळ जास्त होती, धातूचा धागा वापरू नये. शोध लागला होता. कोणाला लागला ते कागदावर नव्हतं.

जितेश तो कागद द्यायला आला तेव्हा शब्द शोधत शोधत म्हणाला, "अंकल, ते रियल सिल्व्हर होतं ना? मी… मला तेव्हा कळलं नाही."

"कळायला वेळ लागतो," हुसैनमियाँ म्हणाले. "बस. चहा घे." कामापलीकडचं एवढं बोलणं त्याच्या वाट्याला पहिल्यांदाच आलं.

मधुकडून आता दर आठवड्याला रीळ येतं. रिळाबरोबर सल्लाही येतो, तो परत पाठवता येत नाही. मी निवृत्त होऊन निघालो त्या आठवड्यात दुकानात बसलो होतो. शेवटचे सहा अभ्रे बांधायचे बाकी होते. खजुराएवढ्या कोयऱ्या, सगळ्या सारख्या, शेपटं बारीक. एक अभ्रा उलटा पडला होता. आतल्या शिवणीशी, अगदी कोपऱ्यात, काहीतरी मंद चमकलं. मधुच्या जरीसारखं नाही. एकच टाका, जिथे दंडही जाणार नाही आणि डोळाही. बाकीचे पाच उलटून बघितले. पाचांतही होता.

"हे काय?"

त्यांनी अभ्रा माझ्या हातातून काढून घेतला आणि सुलटा केला. "पॅडपासून वीतभर लांब आहे. मोजून घेतलंय. दिवा हिरवाच राहतो."

"कोणाला दिसणार तिथे?"

"तू बघितलास ना." त्यांनी गाठोडं बांधलं. "मधुला सांगू नकोस. गुलाबी घेऊन येईल."